सीए-१२५ दर वर्षी करून घेऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बडोद्यात दांडिया बाजारात कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं की हा प्रश्न हमखास निघतो: लॅबच्या 'लेडीज पॅकेज'मध्ये सीए-१२५ ही रक्ततपासणी आहे, अंडाशयाचा कर्करोग त्यात कळतो म्हणे, दर वर्षी करून घेऊ का? काही त्रास नसेल आणि घराण्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग नसेल, तर नका करू.

ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून जास्त बायकांची निवड करून हेच पडताळलं गेलं. एका गटाची दर वर्षी ही रक्ततपासणी, दुसऱ्याची सोनोग्राफी, तिसऱ्याची काहीच नाही. निकाल २०२१ मध्ये आला. रक्ततपासणीच्या गटात रोग जरा आधीच्या टप्प्यात सापडला, तरी या कर्करोगानं होणारे मृत्यू कोणत्याच गटात कमी झाले नाहीत.

शिवाय आकडा एकटा फसवा असतो. ३५ च्या आत नॉर्मल म्हणतात, पण पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तेव्हा), फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठी) तो वाढतो. पोटाच्या टीबीत तर कित्येकशे होतो, पोटात पाणीही भरतं आणि चित्र हुबेहूब कर्करोगाचं दिसतं. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय निदान मानू नये. उलट बाजूनं, पहिल्या टप्प्यातल्या जवळजवळ निम्म्या बायकांचा आकडा नॉर्मलच येतो.

अंडाशयात गाठ दिसली असेल तर मात्र हाच आकडा कामाला येतो. सोनोग्राफीत पाच गोष्टी बघायच्या: गाठीत अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठ, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याच्या खुणा. यातली एक असेल तर १ गुण, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. हे दोन्ही आणि सीए-१२५ यांचा गुणाकार करायचा. आकडा ६० आहे, वय ३२ आणि गाठीत नुसते कप्पे: गुणाकार ६०. तोच ६० पाळी गेलेल्या बाईचा, गाठ घट्ट आणि पोटात पाणी: ५४०. २०० च्या वर गेलं की ऑपरेशन स्त्रीरोग-कर्करोगाच्या सर्जनकडेच करावं.

अशा संशयास्पद गाठीतलं पाणी 'सुईनं काढून बघू' म्हटलं तर नाही म्हणा. गाठ अंडाशयापुरतीच असेल तर टप्पा १ए असतो. फुटली किंवा टोचली आणि पेशी पोटात सांडल्या की १सी होतो, आणि कदाचित टळली असती ती केमो घ्यावी लागते. गाठ अख्खी, पिशवीत घालून बाहेर काढायची असते.

मग लक्ष कशावर ठेवायचं? पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला सारखं किंवा घाईनं जावं लागणं. यातलं काही वर्षभरात नव्यानं सुरू झालं असेल आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर सेव-उसळीला दोष देत हिंगाष्टकावर महिने काढू नका, पन्नाशीनंतर तर मुळीच नाही. तेव्हा सीए-१२५ जरूर करा, आणि सोनोग्राफी योनीमार्गातून करून घ्या. त्यासाठी लघवी करून यायचं असतं. पोटावरून करताना लागतं तसं भरभरून पाणी प्यायचं नाही.

आणि घराण्याचं. बायका आई-मावशीचं सांगतात, आत्या विसरतात. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर मुलं झाल्यावर, ३५ ते ४० च्या दरम्यान, अंडाशय आणि गर्भनलिका काढण्याचा सल्ला देतात. बीआरसीए-२ मध्ये ४५ पर्यंत थांबता येतं. नलिका अशासाठी, की या कर्करोगाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार बहुधा नलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो. रोग झालेली आत्या हयात असेल तर जनुकाची तपासणी आधी तिची करा. तिच्यात दोष सापडला, तर तुमच्यात नेमका तोच शोधता येतो.