संगणक शिकताना जमाखर्चही शिकावा

बारावी विज्ञान झालेला माझा भाचा परवा खानापूरहून घरी आला होता. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात बीसीए करावे, की विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाखाली अभियांत्रिकीला जावे, हा त्याचा प्रश्न होता. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या संगणक विभागांत बरीच वर्षे काढल्यामुळे मला वाटते की, ज्याला व्यापारी संस्थेतच नोकरी करायची आहे, त्याच्यासाठी पदवीच्या नावापेक्षा मालाची ऑर्डर आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत कागद कसा फिरतो, हे कळणे अधिक महत्त्वाचे असते.

हे मी चुकांतून शिकलो. वस्तू व सेवा कर (जीएसटी) १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा बिलांचा प्रोग्राम मी लिहिला होता. आमच्या भागात कर्नाटकातल्याच निपाणीच्या गिऱ्हाइकाला केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर लागतात, तर तिथून जवळच, पण महाराष्ट्रात असलेल्या कागलच्या गिऱ्हाइकाला राज्याची हद्द ओलांडल्यामुळे आयजीएसटी हा एकच आंतरराज्य कर. एवढे ठाऊक होते म्हणून माल जिथे उतरतो तो पत्ता पाहून कर ठरवावा, अशी सोपी अट मी घातली. पुढे कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याने बिल स्वतःच्या नावे मागितले आणि माल परस्पर हुबळीला पाठवायला सांगितले. माल कर्नाटकाबाहेर गेलाच नाही, तरी कायद्याने पुरवठ्याचे ठिकाण त्या व्यापाऱ्याचे मुख्य कार्यालय, म्हणजे महाराष्ट्र ठरते आणि आयजीएसटीच लागतो. माझ्या प्रोग्रामने मात्र दोन्ही कर लावून बिल छापले. चूक कोडमध्ये नव्हती, माझ्या व्यवहारज्ञानात होती, आणि ती दाखवून दिली ती संगणकाला हात न लावणाऱ्या आमच्या हेडक्लार्कांनी.

डेटाबेसचे, म्हणजे संगणकातल्या नोंदींच्या साठ्याचेही तसेच आहे. पुस्तकात प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखता येईल अशी खूण, ही नुसती व्याख्या असते. आमच्याकडे ती रोजची डोकेदुखी होती. बेळगाव, बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतर बेळगावी, असा एकाच शहराचा पत्ता तीन तऱ्हांनी लिहिला गेल्याने एकच गिऱ्हाईक तीनदा नोंदले जाई आणि त्याची येणे बाकी तीन खात्यांत विखुरली जाई. शेवटी पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक गिऱ्हाइकाची ओळख म्हणून धरला. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, कर्नाटकाचे २९ आणि महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची.

म्हणून भाच्याला म्हटले, कोणतीही पदवी घे, पण एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेसोबत जमाखर्च आणि टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शीक, आणि कन्नड बोलायला लाजू नकोस. कारण स्टोअरमधला माणूस आपली खरी अडचण त्याच्याच भाषेत सांगतो.  सुट्टीत त्याने काकांच्या वीटभट्टीची बिले संगणकावर घ्यावीत, असे ठरले.

आठवड्याने त्याचा फोन आला. विटा नेणाऱ्या शेतकऱ्यांकडे जीएसटी क्रमांक नसतो, मग गिऱ्हाईक कशावरून ओळखायचे? मी मोबाइल नंबर सुचवला. त्यावर तो म्हणाला, "मामा, इथे एकाच नंबरावर तिघे भाऊ उधारी नेतात."