खाटेपाशी शिकलेली छपाई

‘धंद्यातलं नवं काही सुचतं कुठून? कोणती पुस्तकं वाचता?’ छापखाना चालवणारीला हे बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून खरं सांगते, मॅनेजमेंटची पुस्तकं माझ्याच्याने निम्म्यापुढे जात नाहीत. सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट मी रुग्णालयात शिकले, आईच्या उशाशी बसून.

तेव्हा डोक्यात एकच भुंगा होता. ग्राहकाने दुपारी फोन करून कागद बदलला होता, १३० ऐवजी १७० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). दिवसपाळीला ते ठाऊक, रात्रपाळीला नाही. सकाळी अख्खा जॉब, म्हणजे छपाईचं ते सगळं काम, चुकीच्या कागदावर छापून तयार! जॉब कार्डावर बदल लिहिलेला होता म्हणे. होता खरा, कोपऱ्यात, पेन्सिलने.

रुग्णालयात पाळी बदलताना दोन नर्स प्रत्येक खाटेपाशी येऊन उभ्या राहायच्या. जाणारी सांगायची: सलाइन किती वेगाने, पुढचं इंजेक्शन कधी, कुठला रिपोर्ट यायचाय. येणारी नुसती मान डोलवायची नाही. स्वतः बाटली बघायची, हाताची सुई बघायची, ऐकलेलं परत म्हणून दाखवायची. तीन दिवस बघितलं आणि चौथ्या दिवशी छापखान्यात फोन लावला. आता आमची पाळी मशीनपाशीच बदलते. येणारा कागद हातात घेतो आणि जीएसएम मोठ्याने म्हणतो. पहिले आठ दिवस सगळे हसले.

असली उसनवारी जुनीच आहे. पुढच्या टप्प्याने उचललं तेवढंच मागच्याने बनवायचं, ही टोयोटाची पद्धत तिथले इंजिनिअर ताइइची ओनो यांना अमेरिकी सुपरमार्केटच्या फळ्यांवरून सुचली. माझा लाडका मात्र ऑस्ट्रियाचा डॉक्टर आउएनब्रुगर. त्याच्या वडिलांची खानावळ होती आणि पिंपात दारू कुठवर आहे हे टिचक्या मारून ओळखत, असं सांगतात. छातीही तशीच बोटांनी ठोकून आतलं पाणी ओळखता येतं, हे त्याने १७६१ साली छापलं. १८०८ मध्ये कॉर्व्हिसार या फ्रेंच डॉक्टरने त्याचं फ्रेंच भाषांतर करेपर्यंत फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पिंपं वाजवणारे पुष्कळ असतील, पण छातीचं कोडं घेऊन तो आवाज ऐकणारा हा. मीही पेन्सिलीचा तो कोपरा डोक्यात नसता, तर नर्सकडे बघत नुसती जांभया देत बसले असते.

सगळंच जमतं असं नाही हं. तातडीच्या विभागात कोणाला आधी बघायचं हे कळावं म्हणून रुग्णांना रंग ठरवून देतात, लाल म्हणजे सगळ्यात तातडीचा, ते बघून मी जॉबना रंगीत पट्ट्या लावल्या. महिन्याभरात सगळे जॉब लाल! तिथे रंग नर्स ठरवते, रुग्ण नाही, एवढं साधं माझ्या नजरेतून सुटलं होतं. आमच्याकडे रंग ग्राहक ठरवत होते. उरलेल्या हिरव्या पट्ट्यांनी बाइंडिंगवाला अजून गठ्ठे बांधतो.