तीन दिवसांची सूट व्याजाला नाही

अमळनेरात मी व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. हल्ली वह्यांच्या जोडीला लोक मोबाईलवर क्रेडिट कार्डाचं बिलही पुढे करतात आणि बिल भरायच्या शेवटच्या तारखेबद्दल, म्हणजे ड्यू डेटबद्दल, विचारतात, "दादा, वर तीन दिन चालतस ना?"

चालतात, पण फक्त दंडापुरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय बँक लेट फी लावू शकत नाही आणि कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलकडे थकबाकीदार म्हणून कळवूही शकत नाही. व्याजाचं मीटर या तीन दिवसांसाठी थांबत नाही. कृषी केंद्रातली उधारी आपण कापूस विकल्यावर फेडतो, चार दिवस मागेपुढे झाले तर दुकानदार सांभाळून घेतो. कार्डाकडूनही लोक तेच धरून चालतात, आणि इथेच फसतात.

बिनव्याजी मुदत खरेदीच्या दिवसावर ठरते. समजा बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघतं आणि ड्यू डेट ३० आहे. ११ जूनच्या खरेदीला ३० जुलैपर्यंत ४९ दिवस मिळतात, १० जुलैच्या खरेदीला फक्त २०. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करा, असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठीच.

आता अशाच तारखांच्या कार्डावर नानांनी १२ जूनला ठिबकच्या नळ्या घेतल्या, २० हजारांच्या. पैसे भरले १ ऑगस्टला. तीन दिवसांच्या आत, म्हणून लेट फी नाही. पण बहुतेक बँका अशा वेळी व्याज ड्यू डेटपासून मोजत नाहीत, खरेदीच्या तारखेपासून मोजतात. महिना साडेतीन टक्के दराने ५० दिवसांचे साधारण ११५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. दोन दिवसांच्या उशिराचे साडेतेराशे! शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नाही, म्हणून मी हे आकडे कागदावर मांडूनच दाखवतो.

'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरला की लेट फी टळते, व्याज टळत नाही. उलट बाकी राहिली की पुढच्या नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते, किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज. एटीएममधून कार्डावर रोकड काढली तर तिला ही मुदत मुळातच नसते.

एक हक्क मात्र फार थोड्यांना माहीत असतो. बिलाची तारीख किमान एकदा बदलून मागता येते, आणि बँकेला ती बदलून द्यावी लागते. पगार किंवा मालाचे पैसे ज्या तारखेला हातात येतात, त्यानंतर चार-पाच दिवसांनी ड्यू डेट पडेल असं चक्र मागून घ्या. दुसऱ्या बँकेच्या खात्यातून भरत असाल तर दोन दिवस आधीच भरा, पैसे जमा व्हायला कधी कधी वेळ लागतो.