लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीचं फुटेज: सहापैकी पाच क्लिप स्थिर

सगळं फुटेज मोबाइल हातात धरून घेतलेलं, म्हणून हलणारं; 4के (3840 पिक्सेल रुंद), सेकंदाला 30 फ्रेम. एडिटिंगची टाइमलाइन 1080 ची (1920 पिक्सेल रुंद) ठेवली आहे, त्यामुळे चित्र स्थिर करताना कडा कापल्या जाण्याची धास्ती नाही. निम्मी रुंदी गेली तरी 1920 पिक्सेल उरतात.

पहिल्या चार क्लिप चालता चालता घेतलेल्या. त्यांना एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ-प्रोग्रॅममधला विडस्टॅब हा स्थिर करणारा फिल्टर पुरला. तो पहिल्या फेरीत हलणं मोजून फाइलमध्ये लिहितो, दुसऱ्या फेरीत चित्र सावरतो. स्मूदिंग, म्हणजे किती फ्रेमची सरासरी धरून चाल मऊ करायची तो आकडा, 10 वर ठेवला तेव्हा पावलांचे झोले राहिले. 10 म्हणजे मागचे 10, पुढचे 10 आणि मधला एक, एकूण 21 फ्रेम. सेकंदाला साधारण दोन पावलं धरली तर डावा-उजवा झोला पुरा व्हायला 30 फ्रेम लागतात. तो 21 मध्ये मावतच नाही. 30 दिलं की 61 फ्रेम होतात, दोन झोले आत बसतात आणि चाल एकदम मऊ होते. त्याहून फार वाढवू नका. वळणावर चित्र आधीच सरकू लागतं आणि काळ्या कडा झाकायला झूम वाढतो.

पाचवीने खूप वेळ खाल्ला. ढोलपथकाचा ध्वज अर्धी फ्रेम व्यापतो. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पर्स्पेक्टिव्ह मोडमध्ये (यात चित्र तिरकं ताणूनही सावरलं जातं) ध्वज डावीकडे झुलला की मागची गॅलरी उजवीकडे सरकायची आणि खिडक्यांच्या चौकटी रबरासारख्या ताणल्या जायच्या. सॉफ्टवेअर ज्यांवरून हालचाल मोजतं ते बिंदू ध्वजावर जास्त, म्हणून त्याला वाटतं कॅमेराच हलला. चित्र फक्त आडवं-उभं सरकवणाऱ्या ट्रान्सलेशन मोडने ताण गेला, सरकणं राहिलं. शेवटी रिझॉल्व्हच्याच फ्यूजन या इफेक्ट्सच्या भागातला प्लॅनर ट्रॅकर (सपाट पृष्ठभागाचा माग काढणारं साधन) कामी आला: गॅलरीखालच्या दुकानाच्या पाटीभोवती चौकोन, ध्वज आडवा येतो तिथे ऑक्लूजन मास्क (तेवढा भाग मोजणीतून वगळणारा), मग ट्रॅक. ऑपरेशन मोडमध्ये ‘स्टॅबिलाइझ’ घ्या. ‘स्टेडी’ने पाटी जागच्या जागी खिळते आणि कॅमेरा फिरला की आख्खी फ्रेम बाहेर निघून जाते.

सहावी अंधार पडल्यावरची, शटर 1/30 सेकंदापर्यंत उतरलेला. हादरे गेले, पण धक्क्याच्या वेळचा धूसरपणा फ्रेममध्येच कोरलेला आहे. पाटीवरची अक्षरं दर पावलाला पुसट होतात, पुन्हा उमटतात. यावर एडिटिंगमध्ये चांगला इलाज नाही, क्लिप बाजूला ठेवली. पुढच्या वेळी शटर 1/100 वर कायम ठेवायचा आणि गरजेनुसार आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवायचा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात; 1/100 वर चित्रात पट्टे येत नाहीत, 1/120 वर येऊ शकतात. आयएसओमुळे वाढलेले दाणे नॉइज रिडक्शनने बरेच कमी होतात.