33 अंशांचा ढीग

भोसरी एमआयडीसीत आमची छोटी लॅब आहे. तापमानाचे सेन्सर तपासून, कॅलिब्रेट करून, म्हणजे त्यांचं रीडिंग खऱ्या तापमानाशी जुळवून द्यायचे. गिऱ्हाईक म्हणजे औषध कंपन्या, कोल्ड स्टोरेज आणि हॅचरीवाले, म्हणजे यंत्रात कोंबडीची अंडी उबवणारे. त्या दिवशी दौंडकडचे एक हॅचरीवाले शेठ त्यांच्या प्रोबसाठी थांबले होते. तेवढ्यात एक संशोधक मुलगी लांबलचक वायरींचे सेन्सर घेऊन आली.

"काका, 33 अंशांच्या आसपास अचूक हवेत. ओल्या मातीत पुरून ठेवायचेत."

"कंपोस्ट का?"

"कंपोस्टच. पण पक्ष्यानं केलेलं."

पक्षी निकोबारचा मेगापोड. कोंबडीएवढा, जमिनीवरच वावरणारा, जगात फक्त निकोबार बेटांवर सापडणारा. पायांनी वाळू, माती, पालापाचोळा ओढून ढीग रचतो, मादी त्यात अंडं पुरते. त्यावर बसत कोणीच नाही. पाला कुजताना जी ऊब निघते, तिच्यावर अंडं उबतं.

शेठना राहवेना. "आमच्याकडे 37.5 अंश, 21 दिवस, तासातासाला ट्रे फिरवायचा. अर्धा अंश इकडेतिकडे झाला की बॅच बोंबलली. आणि ह्याचं?"

"दोन महिन्यांच्या वर. अंडं कोणी फिरवत नाही."

"मग पिल्लू कवचाला चिकटत नाही?"

"नाही. अंड्यात निम्म्याच्या आसपास बलकच असतो. पिल्लू पुरतं वाढूनच निघतं. पायांनी कवच फोडून, माती उकरत वर येतं आणि थेट जंगलात पळतं. आईबाप सांभाळायला नसतात."

"खाद्य?"

"स्वतःचं स्वतः शोधतं."

शेठ गप्प झाले. ढीग बरेचदा किनाऱ्यालगत असतात, त्यामुळे 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत कित्येक वाहून गेले, हेही तिनं सांगितलं.

माझं लक्ष जोडांकडे होतं. 33 अंशाला कॅलिब्रेट करणं हातचा मळ; खरा शत्रू ओल. केबलच्या जोडातून पाणी शिरलं की रीडिंग सरकायला लागतं. सगळे जोड इपॉक्सीनं बंद केले, सुकल्यावर सेन्सर रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचं ठरवलं. कुजत्या ढिगात वीतभर अंतरानंही तापमान बदलतं, म्हणून केबलवर खोलीच्या खुणाही करून दिल्या. थर्मोस्टॅट नाही, बॅकअप जनरेटर नाही, नुसता पाला आणि माती! आमच्या धंद्यात हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

तिची पावती करेपर्यंत शेठ दारात जाऊन फोनवर विचारत होते, "ट्रे फिरतायत ना रे? बघ एकदा जाऊन."