तुम्ही विचारलेत म्हणून: माणूस दिसतच नाही, त्या शर्यतीत बघायचे काय?

पावसाळा सुरू झाला की गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी येणारी माणसे केव्हा ना केव्हा हा प्रश्न विचारतात. शाळेत भूगोल शिकवल्यामुळे सगळे मला अजूनही बाईच म्हणतात, त्यामुळे प्रश्न साधारण असा येतो: ‘बाई, त्या फिनलंडच्या रानात पळणारी माणसे तुमची कोण लागतात? आणि पडद्यावर तर नुसते ठिपके फिरताहेत, त्यात बघायचे काय?’ पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे, कोणीही लागत नाहीत. दुसऱ्या भागाला मात्र दाराशी उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

या खेळाचे नाव ओरिएंटिअरिंग. धावपटूच्या हाती एक नकाशा आणि एक होकायंत्र असते. नकाशा सुरुवातीच्या क्षणीच मिळतो, त्याआधी नाही. त्यावर जांभळ्या वर्तुळांनी काही ठिकाणे दाखवलेली असतात आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जमिनीवर केशरी-पांढरा कंदिलासारखा एक झेंडा टांगलेला असतो. त्याला कंट्रोल म्हणतात. सगळे कंट्रोल ठरलेल्या क्रमाने गाठायचे, बोटावरच्या इलेक्ट्रॉनिक चिपने प्रत्येक ठिकाणी नोंद करायची आणि सर्वांत कमी वेळात परतायचे, एवढाच नियम. एक कंट्रोल चुकला किंवा क्रम बदलला की कितीही वेगाने धावलेला माणूस बाद होतो. दोन कंट्रोलच्या मध्ये कोणत्या वाटेने जायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या दृष्टीने सगळा खेळ या न सांगितलेल्या भागात आहे, आणि मी धावणे बघत नाही, निर्णय बघते.

मोठ्या स्पर्धांत धावपटूच्या पाठीवर जीपीएसचे छोटे यंत्र असते आणि प्रक्षेपणात त्याचा ठिपका व मागची शेपटी त्याच नकाशावर उमटते. त्यामुळे प्रेक्षकाला एक अवघड जागा मिळते: धावपटू कुठे आहे हे आपल्याला कळत असते, पण त्याला स्वतःला ते कळले आहे की नाही, हे आपण फक्त ताडायचे असते. शेपटीला गाठ पडू लागली, ठिपका एकाच टेकाडाभोवती घुटमळू लागला, की माणूस हरवला आहे असे समजावे. हे आमच्याकडे सर्वांत आधी कोणाला उमगले असेल तर एका तांडेलाला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली आणि माणूस घरात बसून कंटाळलेला. जीपीएसवर बोटीचा मार्ग बघण्याची सवय असलेल्या त्या गृहस्थांनी दहा मिनिटांत सांगितले की हा तिसऱ्या क्रमांकाचा गडी चुकला आहे, पण त्याला अजून पत्ता नाही. शिकलेल्या नातेवाइकांना हे समजवायला मला पूर्ण संध्याकाळ लागते.

निर्णय कसा असतो, ते आपल्याकडच्या एका उदाहरणाने सांगते. गुहागरहून दापोलीला जायचे असेल तर धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळला उतरता येते, किंवा चिपळूण-खेडवरून रस्त्याने मोठा वळसा घालता येतो. बोटीची वाट अंतराने कितीतरी कमी आहे, पण बोट नुकतीच सुटली असेल, गाड्यांची रांग लागली असेल किंवा समुद्र खवळलेला असेल, तर तोच हिशेब उलटतो. लाँग नावाच्या प्रकारात, जिथे पुरुष विजेत्याला साधारण दीड तास लागतो, एकेक टप्पा असाच असतो: सरळ डोंगर चढून जावे, की पायवाटेने दुप्पट अंतर कापून टेकडीला बगल द्यावी? नकाशात दाट झाडी हिरवी, पळण्याजोगे मोकळे जंगल पांढरे आणि उघडे माळ पिवळे दाखवतात. समोच्च रेषा तपकिरी असतात आणि सहसा दोन रेषांमध्ये पाच मीटर उंचीचा फरक असतो. हे सगळे वाचून उत्तर काढायचे, आणि तेही थांबून नव्हे, तर आधीच्या कंट्रोलकडे धावत असतानाच.

‘म्हणजे ही माणसे धावण्यात कच्ची असतील,’ असा एक तर्क नेहमी पुढे येतो. तो साफ चुकीचा आहे. स्वित्झर्लंडचा मातियास कीबुर्त्स हा या खेळातला जगज्जेता. 2024 च्या एप्रिलमध्ये त्याने पॅरिसला आयुष्यातली पहिली मॅरेथॉन 2 तास 7 मिनिटे 44 सेकंदांत पूर्ण केली आणि त्याच वर्षीच्या ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये तो धावला. असा माणूस जेव्हा जंगलात तीन मिनिटे गमावतो, तेव्हा ती पायांनी गमावलेली नसतात.

आता हंगामाविषयी. उत्तर युरोपात बर्फ वितळला की एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये तिओमिला ही रात्रभर चालणारी दहा टप्प्यांची रिले होते, आणि जूनच्या मध्याला फिनलंडमध्ये 1949 पासून चालत आलेली युकोला ही सात टप्प्यांची रिले. युकोलाची सुरुवात तिथल्या रात्री अकराला होते, म्हणजे आपल्याकडे रात्री दीडला. नेमका त्याच सुमाराला आपल्याकडे मृगाचा पाऊस स्थिरावतो आणि लाईट जाते. मी गेली काही वर्षे मोबाइल भरून ठेवते आणि नेटवर्क टिकेल अशी आशा बाळगते. या दोन्ही स्पर्धा क्लबांच्या असल्या तरी हंगामाची चव तिथेच लागते, कारण मोठमोठे धावपटू अंधारात डोक्यावर दिवा बांधून हौशी लोकांच्या गर्दीत धावत असतात. जुलैच्या आसपास जागतिक अजिंक्यपद येते. त्याच्या मागेपुढे विश्वचषकाच्या फेऱ्या असतात. 1986 पासून अधिकृतपणे चालणाऱ्या या चषकात एकेका शर्यतीचे गुण साठत जातात, विजेत्याला 100, दुसऱ्याला 80 असे उतरत. ऑक्टोबरपर्यंत सगळे संपते. तोवर आपल्याकडे भातकापणी लागलेली असते.

हंगामातला गुणांचा भाग मला फारसा भावत नाही. भावते ते जमिनीचे बदलणे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड इथली जमीन हिमयुगातल्या बर्फाने खरवडून ठेवलेली आहे: लहान लहान टेकाडे, त्यांच्यामध्ये दलदली, जागोजागी शिळा, आणि दूरवर दिसेल अशी एकही ठळक खूण नाही. तिथे माणूस होकायंत्राच्या रेषेवर राहून समोरच्या प्रत्येक उंचवट्याचा आकार नकाशाशी पडताळत जातो. 2025 चे जागतिक अजिंक्यपद फिनलंडमधल्या कुओपिओला झाले, ते याच जातीच्या भूमीत. त्याआधी 2023 ला ते स्वित्झर्लंडमधल्या फ्लिम्स-लाक्स इथे होते. हा परिसर आल्प्समधली सर्वांत मोठी दरड सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी कोसळली, तिच्यासाठी ओळखला जातो. इथे उतार तीव्र, चढ लांब, आणि फुप्फुसांचा हिशेब वेगळा. यजमानांच्या कीबुर्त्सने मिडल, म्हणजे मध्यम अंतराची शर्यत, आणि सिमोना एबरसोल्डने महिलांची लाँग जिंकली, तेव्हा घरची जमीन घरच्यांना पावली असे म्हणण्याचा मोह झाला होता. पण पुरुषांची लाँग नॉर्वेच्या कास्पर फोसरने नेली, आणि माझा सिद्धान्त तिथेच लंगडा झाला.

याबाबतीत मला सर्वांत थोर वाटते ती सिमोन निगली-लुडर. तिने 2003 मध्ये स्वतःच्या देशात, स्वित्झर्लंडमध्ये, स्प्रिंट, मिडल, लाँग आणि रिले अशी चारही सुवर्णपदके जिंकली. एखाद्याने म्हणावे, घरचे मैदान होते. दोन वर्षांनी ही स्पर्धा प्रथमच आशियात आली, जपानमधल्या आइची प्रांतात, आणि तिथल्या वेगळ्याच डोंगरांत तिने पुन्हा चारही जिंकली. एकूण 23 जागतिक सुवर्णपदके मिळवून तिने 2013 मध्ये स्पर्धा थांबवली. परकी जमीन इतक्या लवकर आपलीशी करणे हेच या खेळाचे खरे माप आहे, असे मला वाटते, आणि म्हणून एकच शर्यत बघण्यापेक्षा मी हंगाम बघते.

स्प्रिंटविषयी माझे मन द्विधा आहे. ही शर्यत शहरात होते, नकाशा 1:4000 प्रमाणाचा असतो आणि विजेता बारा ते पंधरा मिनिटांत मोकळा होतो. गल्ल्या, जिने, बोगदे, कुंपणे. जी भिंत नकाशात जाड काळ्या रेषेने दाखवली आहे ती प्रत्यक्षात कमरेएवढी असली तरी ओलांडायची नाही, ओलांडली तर बाद. प्रेक्षकांना माणसे डोळ्यांसमोर धावताना दिसतात, कॅमेरे लावणे सोपे जाते, हे सगळे मान्य. त्यात आता बादफेरीची स्प्रिंटही आली आहे, जिच्यात सहा-सहा जण एकदम सुटतात आणि मागे पडणारे गळत जातात. 2019 पासून जागतिक अजिंक्यपदाची वाटणी झाली: विषम वर्षी जंगल, सम वर्षी शहर. 2024 चे एडिंबरोला झाले ते शहराचे. या वाटणीमुळे छोट्या देशांना आयोजन परवडते, असे सांगतात. तरीही, जंगलासाठी दोन वर्षे थांबायचे ही कल्पना मला पटलेली नाही. ज्यांना माणसे दिसायला हवीत त्यांच्यासाठी मैदानी शर्यती आहेतच की!

रिलेबद्दल मात्र तक्रार नाही. सगळे संघ एकाच वेळी सुटतात, मग मागच्याने पुढच्याच्या पाठोपाठ का जाऊ नये? यावर आयोजकांनी काढलेला तोडगा असा, की मध्येमध्ये कंट्रोलचे वेगवेगळे फाटे ठेवायचे. एकाला डावीकडची शिळा, दुसऱ्याला उजवीकडचा खळगा. संघातले सगळे धावपटू मिळून अखेर प्रत्येक संघ तेवढेच फाटे धावतो, पण कोणत्या टप्प्यावर कोणाला कोणता फाटा आला आहे हे शेजारच्याला ठाऊक नसते. जो डोळे मिटून दुसऱ्यामागे गेला तो चुकीच्या झेंड्यापाशी पोचतो.

2009 मध्ये हंगेरीतल्या मिश्कोल्ट्सला जागतिक अजिंक्यपदाच्या पुरुषांच्या रिलेत अखेरच्या टप्प्यावर पुढच्या संघांमध्ये स्वीडन होता. त्याच्या मार्टिन योहान्सनच्या मांडीत धावताना लाकडाची काठी खोलवर घुसली. फ्रान्सचा तियेरी जॉर्जू, नॉर्वेचा आंदेर्स नोरबर्ग आणि चेक मिखाल स्मोला हे तिघे पदकाच्या शर्यतीत होते. तिघेही थांबले, त्याला मदत केली, आणि सुवर्णपदक स्वित्झर्लंडला गेले. जखमी स्पर्धकाला मदत करणे नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे याला केवळ औदार्य म्हणणे बरोबर नाही. पण रानात कोणी बघत नसताना नियम पाळला जातो, हे मी वर्गात असते तर नक्की सांगितले असते.

यानंतर हमखास येणारा पुढचा प्रश्न, ‘मग आपल्याकडे का नाही?’ भारतात हा खेळ मुख्यतः सैन्यदलांत खेळला जातो. कोकणाची जमीन त्याला कमी पडणार नाही. जांभ्याचे सडे (कातळाचे उघडे माळ), त्यांच्या कडेने उतरणारे पऱ्ये (ओहोळ), करवंदीच्या जाळ्या, देवराया, आंबा-काजूच्या बागांतले गडगे (दगडी कुंपणे), पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा). नकाशा काढणाऱ्याला याहून काय हवे? राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथे कातळशिल्पाजवळ तर होकायंत्राची सुईच भलतीकडे वळते, तिथे कंट्रोल ठेवणारा आयोजक भलताच खट्याळ म्हणावा लागेल. पण हंगाम डिसेंबर-जानेवारीचाच ठेवावा लागेल. पावसात सड्यावरचे शेवाळ, उन्हाळ्यात तापलेला कातळ, आणि फुरसे तर दगडाखाली बारा महिने.

नकाशाची अडचण मोठी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नेहमीचे स्थलदर्शक नकाशे 1:50000 प्रमाणाचे आणि वीस मीटरच्या समोच्च रेषांचे. या खेळाला पाच मीटरच्या रेषा आणि 1:10000 किंवा 1:15000 प्रमाण लागते. म्हणजे प्रत्येक सडा कोणीतरी पायी हिंडून नव्याने रेखाटायला हवा. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरचे जुने निर्बंध पुष्कळ सैल केले, त्यामुळे कायद्याची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही. खरा प्रश्न पाय ठेवण्याच्या हक्काचा आहे. स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये कोणाच्याही रानातून नुकसान न करता चालत जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि हा खेळ त्या हक्कावर वाढला आहे. आमच्याकडे या खेळाच्या नकाशात गडगा ओलांडण्याजोगा म्हणून दाखवायचा की नाही, हे ठरवण्याआधी मालकाला विचारावे लागेल, आणि सड्याच्या सातबाऱ्यावर चाळीस नावे असतात, त्यांतली निम्मी मुंबईला.