चारशे वीस

समुद्राच्या एका लिटर पाण्यात कॅल्शियम असतं साधारण ४१० ते ४२० मिलिग्रॅम. आकडा ऐकून मराठी माणसाला फसवणुकीचं कलम आठवणार. २०२४ साली कायद्याच्या पुस्तकातून ते कलम गेलं, बोलण्यातली चारसोवीस काही गेली नाही. आणि घरी रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलचं (प्रवाळांचं) खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवणाऱ्याने या आकड्याकडे जरा संशयानेच बघावं.

टँकच्या पाण्याच्या टेस्टमध्ये कॅल्शियम ५२० निघालं की धावपळ सुरू होते. तशी गरज नसते. ३८० ते ४५० ही ठेवायची पातळी खरी, पण ५००च्या आसपास गेलेल्या कॅल्शियमने कोरल आजारी पडत नाहीत. बघायची असते अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. कोरल आपला सांगाडा बांधताना दोन्ही ठरावीक प्रमाणात उचलतात: २० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) कॅल्शियममागे २.८ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक). समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४२० आणि अल्कलिनिटी जेमतेम ७. म्हणजे कॅल्शियम हे कणगीतलं धान्य आणि अल्कलिनिटी डब्यातलं पीठ. तेवढ्याच बांधकामात कणगी पाच टक्केही उतरत नाही, डबा मात्र ४० टक्के रिकामा होतो. पीठ संपलं म्हणून कणगीत पोतं ओतणारा माणूस तुम्हाला हास्यास्पद वाटेल. टँकसमोर मात्र हे रोज घडतं.

बरं, कॅल्शियम वाढतं कुठून? आधी टेस्ट किटवरच शंका घ्या. नमुन्यात थेंब थेंब टाकत हलवत राहिलं की गुलाबी रंग आधी जांभळट होतो. घाईतला माणूस तिथेच थांबतो. आणखी काही थेंबांनी तो स्वच्छ निळा होतो आणि मग कितीही टाका, बदलत नाही. तो खरा शेवट. जांभळ्यावर थांबलेल्याला आकडा कमी मिळतो, तो टँकमध्ये घालायचं कॅल्शियम क्लोराइड वाढवतो, आणि महिन्याभरात कॅल्शियम खरोखरच चढलेलं असतं. नमुना खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरावा. ट्यूबलाइटखाली जांभळा आणि निळा सख्खे भाऊ वाटतात.

मग खारटपणा. ३५च्या जागी ४० पीपीटी (हजार भागांत मिठाचे भाग) झालं असेल तर ४२०चं ४८० आपोआप होतं; इथे दोष कॅल्शियमचा नाही, मिठाचा. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं उपकरण, ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावून घ्या, नुसत्या आरओ पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही. काही कंपन्यांचं मीठ कालवल्यावरच ४५०च्या वर जातं, म्हणून नवी बादली उघडली की आधी त्या पाण्याची टेस्ट. आणि आटलेलं पाणी भरायला आरओ-डीआयच, म्हणजे सगळे क्षार काढलेलं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. उन्हाळ्यात पंख्याखालच्या १०० लिटरच्या टँकमधून रोज दोन लिटर सहज उडतात. तिथे शंभरेक पीपीएम कॅल्शियमचं बोअरचं पाणी घालत राहिलात तर रोज २ पीपीएम, म्हणजे महिन्याला ६० पीपीएम भर पडते. कॅल्शियम वाफेबरोबर जात नाही.

खरं नुकसान होतं ते कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि पीएच तिन्ही एकदम वर गेल्यावर. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट मुळातच मावेल त्याहून जास्त असतं. ते खाली बसत नाही याचं बरंचसं श्रेय मॅग्नेशियमला. नव्याने बनणाऱ्या स्फटिकाच्या अंगावर ते चिकटतं आणि त्याची वाढ अडवतं. म्हणून मॅग्नेशियम १३००च्या आसपास हवं. ते घसरलं की पहिला थर हीटरवर, कारण साखरेच्या उलट, कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल पांढरी होते, तोच प्रकार. मग टँकमध्ये पाणी परत चढवणारा रिटर्न पंप घरघरतो. वाळूचे खडे एकमेकांना चिकटून फरशी होते, आणि ती फोडताना खालची सगळी घाण वर येते. पंपाचा रोटर काढून निम्म्या पाण्यातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा: बारीक बुडबुडे सुटत राहतात, सकाळी ब्रश फिरवला की चुंबकाचा मूळ काळा रंग दिसतो.

उतरवायचं कसं? कॅल्शियमची बाटली बंद करायची आणि थांबायचं. टँक दिवसाला १ डीकेएच खात असेल तर त्याबरोबर सातेक पीपीएम कॅल्शियम जातं. ५२०चं ४४० व्हायला अकरा-बारा दिवस. नुसते सॉफ्ट कोरल (कठीण सांगाडा न बांधणारे) असतील तर दोन महिनेही लागतील, लागू द्या. वॉटर चेंजकडून फार आशा नको: ५५०च्या टँकमध्ये ४२०चं पाणी २० टक्के बदललं तर ५२४ होतं.

या काळात अल्कलिनिटी रोज मोजायची आणि तेवढीच भरायची. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा पुरतो. आरओ पाण्यात विरघळवून, प्रवाहाच्या तोंडाशी हळूहळू. दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नये. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. चुन्याची निवळी देत असाल तर तीही थांबवा: ती दोन्ही गोष्टी कोरलच्या मापानेच देते, त्यामुळे वर गेलेलं कॅल्शियम वरच राहतं. काही शूर धुण्याचा सोडा ओतून कॅल्शियम मुद्दाम खाली बसवतात. टँक ताकासारखा पांढरा होतो, आणि पाणी निवळल्यावर टेस्ट केली तर कॅल्शियम थोडंसंच उतरलेलं, अल्कलिनिटी मात्र धाडकन पडलेली. इथे चुना लागतो तो आपल्यालाच.

४५०च्या खाली आलं की बाटली पुन्हा उघडायची, आधीच्या निम्म्या डोसने. आठवड्याने टेस्ट, खिडकीपाशी, निळा होईपर्यंत.